पाठ पहिला, जसा लिहिला तसा

नंदुरबार, रविवार, २ नोव्हेंबर १९५८

आज पश्चिम खानदेश शालेय जाझ शिक्षण संघाची सभा झाली. पूर्ण नाव लिहितो, कारण लोक 'बँडवाली मंडळी' म्हणतात आणि मग लग्नाच्या सुपाऱ्या घेऊन माझ्या दारात उभे राहतात. लग्नाच्या बँडात ढोल-झांजा बांधलेला जो सांगाडा असतो त्याला इकडे जाझ म्हणतात. ते अज्ञान आहे. जाझ हे संगीत आहे, आणि ते मी युद्धाच्या काळात देवळालीच्या लष्करी छावणीत भांडार-कारकून असताना स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. या जिल्ह्यात असं म्हणू शकणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

सभेला पाचही शाळांचे मास्तर आले होते. माझी नंदुरबारची शाळा धरून पाच. मी मास्तर नाही, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. पण शाळेतली तुकडी मी शिकवतो आणि संघाचा चिटणीस मीच. अध्यक्ष भाईदास गुरुजी, शहाद्याचे हेडमास्तर, गुजर, गोड बोलून काटा काढणारे. म्हणाले, "नवल आप्पा, तीन वर्षं झाली. कागदावर पाच शाळा, आणि ऐकायला मागितलं की एकही नाही. फेब्रुवारीत संमेलन घ्या. निदान चार शाळा रंगमंचावर दिसल्या तर संघ राहील. नाहीतर वाद्यं ज्याची त्याला परत करू आणि संघ मिटवू."

मी अर्थातच राजीनामा दिला. तो मी खिशात घालूनच जातो. प्रकाश्याचे लोटन मास्तर "छे छे, आप्पा!" म्हणाले, गुरुजींनी कागद माझ्याकडे परत सरकवला, चहा आला. कोणतीही संस्था अशीच चालते. राजीनामा आल्याशिवाय सभेला वजन येत नाही, आणि तो परत केल्याशिवाय चहा येत नाही. कागद मी दर वेळी नवा लिहीत नाही, नुसती तारीख बदलतो.

तळोद्याहून यंदा नवे आलेले डोंगरसिंग मास्तर हे सगळं फार लक्ष देऊन पाहत होते. पहाडातल्या पाड्यावरून शिकून वर आलेला पोरगा, पंचविशीचा. संस्थेचं काम कसं चालतं ते शिकेल हळूहळू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

संघ खिळखिळा का झाला याचा विचार केला. उत्तर सापडलं. एकसारखेपणा नाही. प्रत्येक शाळा आपल्याला वाटेल ते वाजवते. म्हणून ठरवलं, संमेलनात पाचही शाळांनी फक्त 'पाठ पहिला' वाजवायचा, जसा लिहिला तसा.

पाठ पहिला म्हणजे माझी रेकॉर्ड. छावणी मोडताना एका गोऱ्या सोजिराने मला दिलेली. मधला कागद झिजल्यामुळे गाण्याचं नाव कळत नाही, म्हणून पाठ पहिला. दुसरी रेकॉर्ड मिळेल तेव्हा पाठ दुसरा. ती मी क्लॅरिनेटवर एकेक सूर काढत दोन उन्हाळे बसून सरगममध्ये उतरवली. चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीत एक मात्रा. जाझ लिहिता येत नाही असं म्हणतात. काट्यावर बसून ज्याला तूळ साधते त्याला काहीही लिहिता येतं.

दोन खुब्या पोरांना समजावून द्याव्या लागतात. एक, सगळं गाणं चालू असताना मागून बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो तालावर पडत नाही, तालाच्या जरा पुढे-मागे पडतो. जाझचा जीव तिथेच आहे. त्यासाठी प्रत्येक शाळेत एक पोरगा लाकडाचे दोन ठोकळे घेऊन वेगळा बसवला आहे. दोन, मध्यावर एक ओळ येते ती पुन्हा पुन्हा येते, मी बोटाने सुई पुढे ढकलेपर्यंत येतच राहते. वादकांनी दम टिकेपर्यंत वाजवावी असा मूळ कलाकारांचा हेतू दिसतो. शाळेचा तास लक्षात घेऊन मी ती चारदा ठेवली.

आज माझी बायको सिंधू भाकरी थापता थापता म्हणाली, "आहो, थाळी तडकेल शे. तीच टकटक करी ऱ्हायनी."

रेकॉर्डला ती थाळी म्हणते. मी म्हणालो, संगीत हा तुझा प्रांत नाही. ती म्हणाली, "मन्हा नही. पन कान ते मन्हाच शेत ना."

रविवार, १६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. नियमावली लिहून पूर्ण केली आणि सायक्लोस्टाइल करून पाचही शाळांना पाठवली. वादकांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घालावेत. वाजवताना पायाने ठेका धरू नये, तो नियम नववा. श्रोत्यांनी मध्येच टाळ्या वाजवू नयेत. संघाची वाद्यं जत्रेत, वरातीत वा गणपतीत नेऊ नयेत. अशाने संघाला कणा येईल.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नवापूर शाळेने संघ सोडला. कारण बूट. त्यांचे ड्रिल-मास्तर कळवतात की आमची निम्मी पोरं जंगलातून अनवाणी येतात, त्यांना वाजवायला बूट लागत नाहीत, तोंड लागतं. उद्धटपणा आहे. पण गेले ते एका अर्थी बरंच झालं. जे शिस्तीचे आहेत ते उरले. चार शाळा, म्हणजे गुरुजींची अट अजून पुरी होते.

रविवार, १४ डिसेंबर

तळोद्याची तपासणी करून आलो. एस.टी.त कोंबड्यांची एक टोपली माझ्या मांडीवर आली ती थेट तळोद्यापर्यंत. शाळेत डोंगरसिंग मास्तरांनी चिंचेखाली सोळा-सतरा पोरं बसवलेली. दोन बिगुल, एक कॉर्नेट, बाकी बासऱ्या आणि घरून आणलेले ढोल. ढोल नियमात बसतात की नाही, ते पाहावं लागेल.

सुरुवात बरोबर केली. 'टक्'वाला पोरगा उत्तम. पण मध्ये क्लॅरिनेट भटकतं ती जागा आली, आणि बासरीवाल्या पोरीने भलतंच काहीतरी वाजवलं. उतारावरून गुरं यावीत तसं घरंगळत आलं ते. मग तिच्या शेजारच्याने त्याला उत्तर दिलं! मग ढोलवाल्याने! मी छत्री आपटून सगळं थांबवलं.

"हे कुठे लिहिलंय?"

डोंगरसिंग मास्तर उभे राहिले. पुस्तकातलं मराठी बोलतात, प्रत्येक शब्द धुऊन-पुसून. म्हणाले, "आप्पा, मुले विचारतात, येथे तो वाजविणारा आपल्या मनाने भटकत आहे, तर आम्ही का भटकू नये?"

"भटका ना! कोण नाही म्हणतो? पण मी लिहून दिलंय तसं भटका. मनाला येईल तसं वाजवायची जागा म्हणूनच तर त्या चौकटी मी वेगळ्या लाल शाईने आखल्यात."

त्यांनी लाल चौकटींवरून बोट फिरवलं. म्हणाले, "म्हणजे त्या वाजविणाऱ्याच्या मनाला जे आले ते."

"बरोबर."

"आणि त्याच्या मनाला दुसऱ्या दिवशी दुसरे आले असते तर?"

मी म्हणालो, तर त्या दिवशीची रेकॉर्ड निघाली असती. निघाली का? नाही. त्यांना हे पटलेलं दिसलं, कारण त्यांनी पोरांना वाद्यं आवरायला सांगितलं. पोरांनी मात्र निघताना मला बोरं दिली, ओंजळ भरून. गोड होती.

शनिवार, २७ डिसेंबर

आता प्रकाशे. लोटन मास्तर जिनिंगमध्ये गाडीबरोबर आले होते, कापूस काट्यावर असतानाच बोलणं झालं. त्यांच्या पोरांनी जत्रेत वाजवलं, नदीच्या वाळवंटात उभं राहून, तेही संघाच्या कॉर्नेटवर. मी नियम दाखवला.

"आप्पा, पोरेसनी गावमा नही वाजाडानं, ते काय कोठीमा बठीसन वाजाडानं?"

"संमेलनात वाजवायचं."

"संमेलन एक दिनना. बाकीना दिन काय तोंड शिवी लेवानं?" असं म्हणून हसले, आणि हसता हसताच सांगून गेले की प्रकाशे संमेलनाला येणार नाही.

तीन राहिल्या. नंदुरबार, शहादा, तळोदा. गुरुजींना चार हव्यात. रात्री जेवण गेलं नाही. बारा वर्षं मी या एका गोष्टीसाठी झटतोय. जिनिंगमध्ये मी काटेवाला आहे, मालक हाक मारतात "ए काट्या!" अशीच. संघात मला लोक चिटणीससाहेब म्हणतात. संघ मोडला तर उरतो तो काटा.

सिंधूने ताट झाकून ठेवलं. म्हणाली, "थोडं ढिलं सोडा ना." मी म्हणालो, ढिलं सोडून आजवर कुठली गाठ पक्की झाली आहे?

रविवार, ११ जानेवारी १९५९

घडलं ते घडलं तसंच लिहितो.

सभेत मी नियमावलीचा दुसरा भाग वाचला. भाईदास गुरुजी म्हणाले, "आप्पा, पहिल्या भागात दोन शाळा गेल्या. दुसऱ्यात किती घालवता?" हे फार झालं. मी उठलो, खिशातून कागद काढला, टेबलावर ठेवला. "माझा राजीनामा."

आता "छे छे" म्हणायचं काम लोटन मास्तरांचं. ते नव्हते. गुरुजींनी कागद सरकवायला हात पुढे केलाच होता, तेवढ्यात डोंगरसिंग मास्तर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मी विनंती करतो की आप्पांचा राजीनामा सन्मानाने मंजूर करावा."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. ते पुढे बोलतच होते. "आमच्या पाड्यात मोठा माणूस जातो म्हणाला, तर त्याला अडवीत नाहीत. अडविणे म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत नाही असे होते. त्याला भाकर बांधून देतात आणि वेशीपर्यंत पोचवितात. मागील सभेत आप्पांना अडविलेले पाहून मला फार वाईट वाटले होते. यावेळी त्यांचा शब्द राखावा."

आणि खरोखरच त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर काढून माझ्यापुढे ठेवली. मिरचीचा ठेचाही होता.

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचा हात जिथल्या तिथे थांबला होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला. "मास्तर म्हणतात त्यात अर्थ आहे," म्हणाले. "आप्पा, आपला शब्द आम्ही मोडणार नाही." ठराव मंजूर. नवे चिटणीस म्हणून डोंगरसिंग मास्तरांचं नाव गुरुजींनीच सुचवलं. चहा आलाच नाही.

घरी आल्यावर सिंधूने विचारलं, "मंग दिधाच कसाले राजीनामा, नही देवाना व्हता ते?"

हिला संस्थेचं काम काय कळणार. भाकर दोघांनी खाल्ली. ज्वारी चांगली होती.

सोमवार, १९ जानेवारी

दप्तर नियमानुसार सुपूर्द केलं. पाठ पहिल्याची मूळ प्रतही दिली, लाल चौकटींसकट. ती संघाची मालमत्ता आहे, माझी नव्हे. पाचव्या नियमात मीच तसं लिहिलं आहे. क्लॅरिनेट तेवढं ठेवलं. ते माझ्या पैशाचं.

बुधवार, २८ जानेवारी

बाजारात लोटन मास्तर भेटले. प्रकाशे संमेलनाला येणार! नवापूरही, अनवाणी. शिवाय विसरवाडीची नवी शाळा. म्हणजे सहा. माझ्या त्यागाचा परिणाम एवढ्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. मोठ्या कामासाठी कुणीतरी बाजूला व्हावं लागतं, ते मी झालो. लोटन मास्तरांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हाऊ ना, आप्पा, हाऊ ना," आणि वांगी निवडू लागले.

परीक्षक म्हणून भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले मिस्टर आल्वारिस येणार आहेत. गोव्याचा माणूस, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवत असे. म्हणजे खरा जाणकार. पोरं त्याच्यासमोर काय वाजवणार, देव जाणे. जाणार नाही असं ठरवलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

गेलो. मागच्या रांगेत बसलो, चुका टिपायला पेन्सिल घेऊन. माझंच गाव, माझ्याच शाळेचं मैदान. पत्रिकेत माझं नाव होतं: 'माजी चिटणीस'. टोपी नीट केली.

आल्वारिस साठीचे, काळेसावळे, पोट सुटलेले, हातात त्यांचं कॉर्नेट. पहिली शाळा शहादा. पाठ पहिला सुरू झाला आणि ते खुर्चीत सरळ बसले. 'टक्'वाल्या पोराकडे बोट दाखवून शेजारी गुरुजींना काहीतरी विचारलं. मग ती पुन्हा पुन्हा येणारी ओळ आली. चार वेळा. आल्वारिसांनी रुमाल काढून डोळे पुसले. खांदे हलत होते. एवढा भारावलेला श्रोता मी पाहिला नव्हता.

मग एकेक शाळा. कोणीही लिहिलं तसं वाजवलं नाही. पेन्सिल पुरेना. प्रकाश्याच्या पोरांनी मध्ये जत्रेतली चाल घुसवली. नवापूरची अनवाणी, पाय आपटत. तळोद्याच्या त्या पोरीची बासरी पुन्हा घरंगळली. पण 'टक्' सहाही शाळांनी ठेवला होता, आणि तो तालाच्या पुढे-मागेच पडत होता. ते काम माझं. लोक मध्येच टाळ्या वाजवत होते.

शेवटी आल्वारिस उठले, मंचावर चढले. "ये टक् किधर से लाया, बाबा? चालीस साल बजाया, ऐसा किधर नहीं सुना!" डोंगरसिंग मास्तरांनी माझ्याकडे हात केला. "आप्पांनी आणले." सगळ्या मैदानाने माना वळवल्या. मला वर जावं लागलं. जिनिंगचे मालकही बसले होते पुढे, आणि बायकांत सिंधू.

आल्वारिस म्हणाले, आता सगळी पोरं मिळून वाजवतील, आणि बारी-बारीने एकेक जण पुढे येऊन आपलं वाजवेल. आधी त्यांनी स्वतः वाजवलं. बासरीच्या पोरीने वाजवलं. मग त्यांनी कॉर्नेट माझ्याकडे रोखलं. "अब तुम."

क्लॅरिनेट पिशवीत होतं. का नेलं होतं सांगता येत नाही. कागद मात्र नव्हता. मी लाल चौकटीच वाजवायला घेतल्या, पाठ आहेत म्हणून. पहिल्या ओळी बरोबर आल्या. मग पुढची चौकट डोळ्यांपुढे येईना. दोन उन्हाळे बसून लिहिलेलं, आणि तिथे कोरं. मागे सहा शाळा वाजवत होत्या, त्या काही थांबणार नव्हत्या. बोटांना कुठेतरी जाणं भाग होतं. ती गेली. कुठे गेली ते मला माहीत नाही. बासरीने मध्येच काहीतरी विचारल्यासारखं केलं, माझ्याकडून त्याला उत्तर गेलं. जवळच कोणीतरी पायाने ठेका धरला होता. नियम नववा कोण मोडतंय म्हणून खाली पाहिलं, तर तो पाय माझा होता.

टाळ्या झाल्या. चुकीच्या जागी झाल्या, आणि बराच वेळ झाल्या. मालक येऊन म्हणाले, "नवलभाऊ, बरं वाजवता हो तुम्ही." मला आधी कळलंच नाही, कोणाशी बोलताहेत.

गाडीला वेळ होता म्हणून आल्वारिस घरी आले. सिंधूने चहा केला. त्यांनी रेकॉर्ड मागितली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली, कडेपासून आत नखाने एक रेघ चाचपली. मग तान्ह्या मुलाला ठेवावं तशी पाकिटात घातली. "सँभाल के रखना, मेन. नया मत लेना, कभी." जाणकार माणूस. सिंधू तोंडाला पदर लावून आत गेली.

स्टेशनावर डोंगरसिंग मास्तर म्हणाले, "आप्पा, रविवारी तळोद्याला या. मुले वाट पाहतील." मी विचारलं, कोणत्या पदावर? ते गोंधळले. म्हणाले, "वाजवायला."

रविवार, २२ फेब्रुवारी

तळोद्याला गेलो नाही. एक काम राहिलं होतं. त्या दिवशी माझ्याकडून जे वाजलं ते लिहून काढायचं. चुका असतील तर दुरुस्त करायच्या, नसतील तर पाठ दुसरा म्हणून नोंदवायचा. सकाळीच कागदावर चौकटी आखल्या. दुपार झाली तरी एकही भरली नाही. क्लॅरिनेट घेतलं की लाल चौकटीच येतात, त्याच, रेकॉर्डवरच्या.

सिंधू उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती आणि सुपाच्या हेलकाव्यावर काहीतरी गुणगुणत होती. थोडा वेळ मी लक्ष दिलं नाही. मग ऐकलं तर ते त्या दिवशीचं, माझंच. न राहवून म्हणालो, "तिथं खाली उतरत नाही. तिथं जरा थांबतं आणि वर जातं."

तिने पुन्हा म्हटलं. थांबली, वर गेली. "आते?"

"आता बरोबर."

सूप थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या समोरच्या कोऱ्या चौकटींकडे. "काशावरथीन सांगतंस बरोबर? कोठे लिखेल शे ते?"

मी कागद पालथा घातला. तिला म्हटलं, पुन्हा म्हण.